बाकावरची जागा

प्रास्ताविक

मुक्त विद्यालयातून शिकणाऱ्यांपैकी अनेकांची नेहमीची शाळा मध्येच सुटलेली असते. कुणाला घरच्या गरिबीमुळे लवकर कामाला लागावे लागते, कुणाचे लग्न लवकर होते, तर कुणाच्या गावात पुढचे वर्गच नसतात. ही कारणे चारचौघांत सांगता येतात. परंतु शाळा सुटण्याचे आणखी एक कारण असते आणि ते बहुधा घरीसुद्धा सांगितले जात नाही. मधली सुट्टी नकोशी वाटू लागते, शाळेच्या वाटेवरचे एक वळण नकोसे वाटू लागते, आणि एके दिवशी दप्तर खुंटीला टांगले जाते ते कायमचेच. सोबत्यांकडून होणारा छळ हे ते कारण होय.

प्रस्तुत पाठात आपण या छळाचे स्वरूप समजून घेणार आहोत. त्यानंतर कोलकाता येथील एका कॅथलिक शाळेच्या सामूहिक जीवनाचा परिचय करून घेऊन, विद्यार्थी स्वतः या बाबतीत काय करू शकतात याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर आपण –
• थट्टा आणि छळ यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• छळाच्या प्रसंगी बघ्यांची भूमिका निर्णायक का ठरते ते सांगू शकाल;
• सियालदह येथील लोरेटो शाळेच्या उपक्रमांची माहिती देऊ शकाल;
• छळ रोखण्यासाठी विद्यार्थ्यांनी करावयाच्या कृतींविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. खेळ कुणाचा, जीव कुणाचा?

तळ्याकाठी खेळणारी मुले पाण्यात दगड भिरकावीत असतात. शेवटी एक बेडूक डोके वर काढून त्यांना म्हणतो की, तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो. ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. या गोष्टीतील मुले दुष्ट नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपला दगड कुणाला लागतो आहे याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

मराठी भाषेत या एका विषयासाठी किती शब्द आहेत, ते पाहा. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा आणि छळ. ही जणू खाली उतरत जाणारी पायऱ्यांची माळ आहे. थट्टेत दोघेही हसतात. आज ज्याच्यावर हसले गेले तो उद्या दुसऱ्याला हसवतो. टवाळीत एक जण हसत नाही. कुचेष्टेत त्याला दुखवावे हाच हेतू असतो. आणि छळात ते दुखवणे रोजचे होते.

नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या दशकापासून शाळांमधील छळाचा अभ्यास केला. त्यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली. पहिले, दुखवण्याचा हेतू. दुसरे, तेच पुनःपुन्हा घडणे. आणि तिसरे, दोन्ही बाजूंच्या बळातील असमानता. ही असमानता केवळ शरीराच्या ताकदीची नसते. एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला एकटा, हीसुद्धा असमानताच होय. वर्गाची भाषा ज्याला नीट येत नाही, जो तोतरे बोलतो, ज्याचा वर्ण सावळा आहे, ज्याच्या वडिलांचा व्यवसाय इतरांना हलका वाटतो, अशा मुलाचे बळ आधीच कमी पडलेले असते.

छळ नेहमी हाताने होतो असेही नाही. टोपणनाव चिकटवणे, वही लपवणे, डब्याकडे पाहून नाक मुरडणे, खेळात न घेणे, मोबाइलवर कुणाचे छायाचित्र फिरवून हसणे, हे सारे छळाचेच प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत मूक आणि म्हणूनच सर्वांत बोचरा प्रकार म्हणजे वाळीत टाकणे. त्यात कुणी काही बोलत नाही. फक्त बाकावर शेजारी बसत नाही.

बाकावरच्या या जागेचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सातारा येथे शाळेत शिकत असताना त्यांना इतर मुलांपासून दूर, एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. तो छळ एखाद्या खोडकर मुलाने केलेला नव्हता, साऱ्या समाजाने मान्य केलेला होता. आजही वर्गात एखाद्याला एकटे पाडण्याचे कारण शोधले, तर पुष्कळदा ते जात, गरिबी, भाषा किंवा रंग यांपैकीच कोणतेतरी निघते.

२. तिसरा माणूस

समजा, एका वर्गात नवी मुलगी आली आहे. तिचा गणवेश जुना, कुणीतरी वापरून दिलेला आहे. मधल्या सुट्टीत एक मुलगी त्यावरून काहीतरी बोलते. दोघी-तिघी हसतात. उरलेल्या पस्तीस मुली आपापल्या डब्यांत पाहत राहतात. त्यांतील बहुतेकींना ते बोलणे आवडलेले नसते, तरीही त्या मूग गिळून गप्प बसतात.

या प्रसंगात किती पात्रे आहेत? आपण पटकन म्हणू, दोन. पण खरे पाहता येथे अख्खा वर्ग सहभागी आहे. फिनलंडमधील संशोधिका क्रिस्तिना साल्मिवाल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हेच दाखवून दिले. छळाच्या प्रसंगी कुणी छळणाऱ्याला साथ देतो, कुणी हसून उत्तेजन देतो, कुणी बाजूला राहतो, आणि थोडे जण छळ सोसणाऱ्याच्या पाठीशी उभे राहतात. छळणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. हसू मिळाले की त्याचा मान वाढतो. शांतता मिळाली तर ती त्याला संमतीच वाटते. ती नवी मुलगीसुद्धा त्या शांततेचा अर्थ तोच लावते. एकीने टोचून बोललेले ती कदाचित विसरेल, परंतु पस्तीस जणींचे गप्प राहणे तिच्या मनात घर करते.

या संशोधनातून पुढे फिनलंडमध्ये 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि तो अनेक शाळांत पोहोचला. त्याचा भर बघ्यांवर आहे. छळणाऱ्याचा स्वभाव बदलणे अवघड असते. त्या मानाने गप्प बसणाऱ्या पस्तिसांपैकी दोघींना पुढे आणणे सोपे असते.

पण या दोघी पुढे येतील तरी कशा? एखाद्या सकाळी उपदेश ऐकून धैर्य येत नाही. ज्यांना रोज दुसऱ्याची काळजी घेण्याची सवय आहे, त्यांनाच ऐन प्रसंगी उठून उभे राहता येते. ही सवय शाळा लावू शकते का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण आता कोलकात्याला जाऊ या.

३. सियालदहची शाळा

कोलकात्याचे सियालदह स्थानक देशातील अत्यंत गजबजलेल्या स्थानकांपैकी एक आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली असंख्य निर्वासित कुटुंबे याच स्थानकात उतरली व कित्येक दिवस फलाटांवरच राहिली. पुढेही पोट भरण्यासाठी खेड्यांतून आलेल्या कुटुंबांनी या परिसरातील पदपथांचा आसरा घेतला. अशा या भागात, आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर, लोरेटो डे स्कूल ही मुलींची शाळा आहे.

लोरेटो भगिनींचा संघ मूळचा आयर्लंडचा. या भगिनी १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात आल्या आणि त्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. मदर तेरेसा याही प्रथम याच संघात होत्या; एंटाली येथील शाळेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि १९४८ मध्ये त्या शाळेच्या भिंतीबाहेरच्या वस्तीत काम करण्यासाठी बाहेर पडल्या.

कॅथलिक शाळांचे सामूहिक जीवन आपल्याकडे पुष्कळांना परिचित आहे. सकाळची प्रार्थना, एकसारखा गणवेश, वर्गनायिका, वार्षिक क्रीडादिन, मूल्यशिक्षणाचा तास आणि या सर्वांमागची काटेकोर शिस्त. विविध धर्मांची मुले या शाळांत एकत्र शिकतात. तथापि शहरातील अशा नामवंत इंग्रजी शाळांवर एक आक्षेप नेहमी घेतला गेला. तेथे शिस्त आहे, सेवेची भाषा आहे, पण प्रवेश मात्र बहुतांशी सुखवस्तू घरांतील मुलांनाच मिळतो, हा तो आक्षेप होय.

सिस्टर सिरिल मूनी यांना हा आक्षेप मान्य होता. त्यांचा जन्म १९३६ मध्ये आयर्लंडमधील ब्रे या गावी झाला. १९५६ मध्ये त्या भारतात आल्या आणि १९७९ मध्ये सियालदहच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या वेळी शाळेतील सुमारे ७९० मुलींपैकी जेमतेम ९० मुली गरीब घरांतील होत्या. सिस्टरांनी गरीब मुलींची संख्या हळूहळू वाढवत नेली. १९९८ पर्यंत शाळेत सुमारे १४०० मुली शिकू लागल्या आणि त्यांपैकी निम्म्या, म्हणजे ७०० मुली शुल्क न भरता शिकत होत्या. वर्ग तोच, गणवेश तोच आणि बाकही तोच.

४. इंद्रधनुष्याचे वर्ग

केवळ एवढ्याने प्रश्न सुटला असता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. श्रीमंत आणि गरीब मुली एका बाकावर बसवल्या म्हणजे त्यांची मैत्री होतेच असे नाही. उलट रोजच्या तुलनेतून नवे टोमणे जन्माला येऊ शकतात. सियालदहच्या शाळेचे वैशिष्ट्य पुढच्या पावलात आहे. तेथे मुलींना एकमेकींची आणि शाळेबाहेरच्या मुलांची जबाबदारी देण्यात आली.

१९७९ पासूनच शाळेतील मुली आठवड्यातून एकदा जवळपासच्या खेड्यांतील शाळांत जाऊन तेथील मुलांना शिकवू लागल्या. १९८५ मध्ये 'रेनबो', म्हणजे इंद्रधनुष्य, हा उपक्रम सुरू झाला. पदपथावर आणि स्थानकाच्या आसपास राहणाऱ्या मुलांसाठी शाळेचे दार उघडण्यात आले. या मुलांना पोटासाठी काम करावे लागे, त्यामुळे ठरावीक वेळेला येणे त्यांना जमत नसे. म्हणून ती सवडीप्रमाणे केव्हाही येत. ती आली की शाळेतील एक मुलगी त्यांच्यापैकी एकाजवळ बसून त्याला अक्षरे, अंक आणि वाचन शिकवी. हे काम शाळा सुटल्यावर करावयाचे पुण्यकर्म नव्हते. पाचवीपासून पुढच्या मुलींच्या वेळापत्रकातच त्याला स्थान होते. तयारी झाल्यावर यांपैकी अनेक मुलांना नेहमीच्या वर्गांत प्रवेश मिळे. रात्री ज्यांना सुरक्षित निवारा नव्हता, अशा मुलींची राहण्याची सोयही पुढे शाळेतच करण्यात आली. याखेरीज शाळेतील मुली परिसरातील घरांमध्ये घरकाम करणाऱ्या लहान मुलींचा शोध घेत, त्यांच्याशी ओळख वाढवीत आणि त्यांना खेळण्या-शिकण्याची संधी मिळावी म्हणून त्यांच्या मालकांशी बोलत.

या कार्याची दखल जगाने घेतली. १९९४ मध्ये युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार लाभला. २००७ मध्ये भारत सरकारने सिस्टर सिरिल यांना पद्मश्री देऊन गौरविले. २०११ पर्यंत त्या मुख्याध्यापिका होत्या. २०२३ मध्ये कोलकात्यातच त्यांचे निधन झाले.

५. दया आणि मैत्री

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. हे उपक्रम छळाविरुद्धची मोहीम म्हणून सुरू झालेले नव्हते. मग या पाठात त्यांचा विचार कशासाठी?

छळाची सुरुवात एका निर्णयापासून होते. तो निर्णय म्हणजे 'ही आपल्यातली नाही'. एकदा तसे ठरले की तिला नाव ठेवणे, तिच्यावर हसणे, तिला वगळणे या पुढच्या गोष्टी सहज घडतात. सियालदहच्या शाळेने नेमक्या याच निर्णयाला अडविले. जी दहा-अकरा वर्षांची मुलगी पदपथावरच्या एखाद्या मुलीजवळ रोज बसते, तिचे बोट धरून पाटीवर अक्षर गिरवते, तिला कोणत्या दिवशी भूक लागलेली आहे हे चेहऱ्यावरून ओळखू लागते, तिला त्या मुलीच्या मळक्या फ्रॉकवर हसणे अवघड जाते. दुसरी कुणी हसली, तर गप्प बसणेही अवघड जाते.

येथे एक धोकाही आहे आणि तो ओळखला पाहिजे. मदत करणारी वर आणि मदत घेणारी खाली अशी उतरंड तयार झाली, तर दयेच्या पोटातूनच नवा अपमान जन्माला येतो. 'आमच्या शुल्कावर शिकतेस' एवढे तीन शब्दही एखाद्या मुलीची मान खाली घालायला पुरेसे असतात. म्हणून शिकवणारीसुद्धा काहीतरी शिकत असते, ही जाणीव महत्त्वाची ठरते. पदपथावर वाढलेल्या मुलीला पैशाचा हिशेब, लहान भावंडाची निगा, रात्रीच्या रस्त्यावर स्वतःला सांभाळणे हे सारे ठाऊक असते. तिच्याकडून शिकण्यासारखे काही आहे, हे ज्या क्षणी दुसरीला उमगते, त्या क्षणी दया संपते आणि मैत्री सुरू होते.

६. कायदा आणि विद्यार्थी

छळ रोखण्यासाठी कायदाही आवश्यक आहे. महाविद्यालयांतील रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये आणि पश्चिम बंगालने २००० मध्ये कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये त्यासंबंधी नियम जारी केले. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये शाळांना छळविरोधी समित्या नेमण्याची सूचना केली. अशा समितीत शिक्षक, समुपदेशक व पालक यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनाही स्थान असावे, असे त्यात सुचविले आहे. संकटातील बालकांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज ती देशभर उपलब्ध आहे.

तरीसुद्धा कायद्याला मधल्या सुट्टीत वर्गात बसता येत नाही. तेथे विद्यार्थीच असतात. २००७ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात नववीतील एक मुलगा गुलाबी सदरा घालून आला, म्हणून त्याला त्रास देण्यात आला. बारावीतील दोन मुलांना हे कळले. त्यांनी कुणाशी मारामारी केली नाही. त्यांनी सुमारे ५० गुलाबी सदरे विकत आणले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात वाटले. शाळेत जिकडे तिकडे गुलाबी रंग दिसू लागल्यावर त्या एका मुलाला वेगळे काढणार तरी कसे? बघ्यांनी आपली जागा बदलली आणि छळाचे बळ ओसरले. युनेस्कोनेही २०२० पासून नोव्हेंबर महिन्यातील पहिला गुरुवार शाळेतील हिंसा व छळ यांच्या विरोधाचा दिवस म्हणून पाळण्यास प्रारंभ केला.

यासाठी मोठी संघटना लागत नाही. टोपणनावाऐवजी खऱ्या नावाने हाक मारणे, टोमण्याला हसू न देणे, एकट्या पडलेल्या सोबत्याला आपल्या डब्याजवळ बोलावणे, आणि गोष्ट हाताबाहेर जात असेल तर विश्वासाच्या शिक्षकांना किंवा पालकांना सांगणे, एवढे प्रत्येकाला करता येते. सांगणे म्हणजे चहाडी करणे नव्हे. चहाडी कुणाला अडचणीत आणण्यासाठी असते; सांगणे कुणाला अडचणीतून सोडविण्यासाठी असते.

आणि ज्यांनी स्वतः छळ सोसला आहे, त्यांनी एवढे निश्चित लक्षात ठेवावे की, दोष त्यांचा नव्हता. आपले अभ्यासकेंद्र, कार्यशाळा, वस्ती किंवा घर यांपैकी कोठेही आज एखादी व्यक्ती एकटी बसलेली असेल. बाकावरची शेजारची जागा रिकामी आहे. तेथे जाऊन बसण्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

शब्दार्थ

कुचेष्टा – दुखवण्याच्या हेतूने केलेली थट्टा
उतरंड – एकावर एक रचलेली मडकी. (येथे) उच्चनीचतेची रचना
पदपथ – रस्त्याच्या कडेचा पायी चालण्याचा मार्ग
सुखवस्तू – खाऊनपिऊन सुखी असलेला
भाबडेपणा – भोळेपणा
निर्णायक – निकाल ठरविणारा

वाक्प्रचार

वाळीत टाकणे – समूहातून बहिष्कृत करणे
मूग गिळून गप्प बसणे – बोलणे आवश्यक असताना न बोलणे
पाठीशी उभे राहणे – आधार देणे
मनात घर करणे – मनात कायमचे राहणे

आपण काय शिकलात?

• हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची असमानता ही छळाची तीन लक्षणे होत.
• छळणाऱ्याला बघ्यांच्या हसण्यातून व शांततेतून बळ मिळते.
• सियालदहच्या लोरेटो शाळेने मुलींवर परस्परांची जबाबदारी सोपवून 'आपल्यातली' आणि 'परकी' हा भेद कमी केला.
• कायदा आवश्यक आहे. परंतु प्रत्यक्ष प्रसंगी विद्यार्थ्यांची कृतीच निर्णायक ठरते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिस्टर सिरिल सियालदहच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कोणत्या वर्षी झाल्या?
(आ) 'रेनबो' उपक्रमातील मुले ठरावीक वेळी का येऊ शकत नसत?
(इ) शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार कशास मनाई आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) थट्टा आणि छळ यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
(आ) 'दया संपते आणि मैत्री सुरू होते' या विधानाचा आशय लिहा.
(इ) 'सांगणे' आणि 'चहाडी करणे' यांत लेखात कोणता भेद केला आहे?

३. पाठातील चार वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

४. आपल्याबरोबर शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्या एखाद्या एकट्या पडलेल्या व्यक्तीला उद्देशून दहा ओळींचे पत्र लिहा. पत्रात उपदेश नसावा.

उत्तरे (स्वाध्याय १)

(अ) सिस्टर सिरिल १९७९ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या.
(आ) त्यांना पोटासाठी काम करावे लागत असल्यामुळे ती ठरावीक वेळी येऊ शकत नसत.
(इ) शाळेत बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे.